शिराझ द्राक्ष : लावण्याआधी ओळख करून घ्या



नाशिककडे वाईनची द्राक्षे होतात, मग आपल्या शिराळ्यात का नको, असे बैठकीत कुणीतरी विचारतेच. विचारणे रास्त आहे. पण काड्या आणण्याआधी जात नीट समजून घ्या.

या जातीला फ्रान्समध्ये सिरा म्हणतात, ऑस्ट्रेलियात आणि आपल्याकडे शिराझ. इराणात शिराझ नावाचे शहर आहे, म्हणून जात तिकडची असे पूर्वी सांगत. १९९८ साली जनुकीय तपासणीत दिसले, की ती फ्रान्सच्याच दोन जुन्या जातींच्या संकरातून आली. (शिराळ्याशी नाते तर नुसत्या नावापुरतेच!) ऱ्होन नदीचे खोरे हे तिचे माहेर. ऑस्ट्रेलियात ती १८३२ च्या सुमारास गेली.

मणी लहान, काळाभोर, बियांचा. रंग असतो सालीत, म्हणून द्राक्षे चिरडून साल-बियांसकट आंबवतात. वाईन गडद जांभळी होते, चवीला तुरट, वासाला पिकल्या जांभळासारखी आणि चक्क काळ्या मिऱ्यासारखी. मिरे कुणी घालत नाही हो! मिऱ्यात जे वासाचे द्रव्य असते तेच या सालीत असते. थंड मुलखात हा वास जास्त उतरतो. ऑस्ट्रेलियाच्या बरोसा खोऱ्यासारख्या उष्ण भागात पिकल्या फळाचा वास पुढे येतो.

फ्रान्समध्ये वेल हिवाळाभर झोपतो. आपल्याकडे तसे नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी आणि फेब्रुवारी-मार्चला काढणी. साखर २२ ते २४ ब्रिक्स लागते. इथे मणी फुगवायचा नाही, संजीवकात घड बुडवायचे नाहीत. मणी मोठा झाला की रसाच्या मानाने साल कमी पडते, रंग-वास पातळ होतो. टनावर नजर ठेवणाऱ्याला हे जड जाते.

आता आपले बघू. तालुक्याच्या पश्चिमेला, चांदोलीच्या अंगाला पाऊस दणकून पडतो. ती भाताची जमीन, तिथे या वेलाचा नाद नको. पूर्वेकडे पाऊस कमी, पण फळछाटणीनंतर परतीचा पाऊस लागला की कोवळ्या फुटीवर केवडा आणि करपा आलाच. फवारणीचा खर्च आधी धरा.

त्याहून मोठा धोका विक्रीचा. थॉमसन विकली गेली नाही तर बेदाणा करता येतो, तासगावची पेठ जवळ आहे. शिराझ हातात राहिली तर ना खायला खपते, ना बेदाण्याला चालते. २००१ च्या राज्य धोरणानंतर वाईनच्या द्राक्षांची लागवड वाढली, आपल्या जिल्ह्यात पलूसला वाईन पार्कही झाले. पण २००८ नंतर मागणी घटली तेव्हा राज्यात कित्येकांनी उभ्या बागा तोडल्या.

म्हणून वाइनरीशी लेखी करार हातात असल्याशिवाय एक काडीही लावू नका. करारात दर, ब्रिक्स, किती वर्षे माल घेणार, तोडणीचा दिवस कोण ठरवणार आणि वाहतूक कोणाकडे, हे स्पष्ट लिहून घ्या. तोडणीच्या दिवसाचे कलम विसरू नका. ही जात पिकल्यावर लवकर सुकते. गाडी आठवडाभर उशिरा आली तर वजनातला तोटा तुमच्याच पदरात पडतो.