नोट मोजणारा अंगठा

आपल्या खिशातली नोट कागदी म्हणायची एवढंच. मुळात ती कापसाची. लाकडाच्या लगद्याऐवजी कापसाच्या तंतूंपासून तिचा कागद बनतो. म्हणून तर घडीवर घडी पडली तरी ती लवकर फाटत नाही आणि चुकून सदऱ्याच्या खिशात राहून धुतली गेली तरी तिचा लगदा होत नाही. आता यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला कापसाचा स्वभाव काय सांगायचा? कापूस ओल धरतो. नोटही धरते. हाताचा घाम, वडे तळणाऱ्याचं तेल, मासळीचं पाणी. ओल आणि मळ असला की सूक्ष्म जंतूंना आयता आसरा मिळतो.

माझे अब्बा जिनिंगमध्ये मुनीम होते. कापसाचा चुकारा रोखीनं व्हायचा. अब्बा अंगठा जिभेला लावत आणि नोटांचं बंडल सर्रकन मोजून मोकळे होत. आम्हा पोरांना त्यात केवढी ऐट वाटायची! पण ही देवाणघेवाण दुहेरी असते हो. आपली थुंकी नोटेवर जाते आणि नोटेवरचा मळ आपल्या जिभेवर येतो. दिवसभरात शेकडो वेळा.

दिल्लीच्या जिनोमिकी आणि समवेत जीवविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी बाजारातल्या दहा, वीस आणि शंभराच्या नोटा गोळा करून त्यांवरचा डीएनए तपासला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बुरशीचा वाटा सर्वांत मोठा होता. जीवाणूही होते आणि त्यांत आजार घडवू शकणारे काही होते. बातम्यांनी यावर बरीच भीती पिकवली. पण डीएनए सापडला म्हणजे जंतू जिवंत आहे असं नव्हे, आणि नुसती नोट हातात धरल्यानं कोणी आजारी पडत नाही. हात तोंडाकडे जातो, तिथं खरी मेख आहे.

मग नोटच बदलली तर? ऑस्ट्रेलियानं १९८८ मध्ये प्लॅस्टिकची नोट काढली. आपल्याकडेही दहाच्या प्लॅस्टिक नोटेची पाच शहरांत चाचणी घ्यायचं ठरलं होतं, पुढे शंभराच्या वार्निश लावलेल्या नोटेचीही चर्चा झाली. बाजारात मात्र कापसाचीच नोट फिरते आहे. प्लॅस्टिक घाम शोषत नाही हे खरं. पण २०१३ च्या एका प्रयोगात रुमानियाच्या प्लॅस्टिक नोटेवरच काही जीवाणू इतर नोटांपेक्षा जास्त वेळ टिकले.

२०२० च्या करोनाकाळात चीनच्या मध्यवर्ती बँकेनं नोटा उष्णतेनं किंवा अतिनील किरणांनी निर्जंतुक करून काही दिवस बाजूला ठेवल्या. आपल्याकडे लोकांनी घरीच नोटा साबणानं धुतल्या, दोरीवर वाळत घातल्या, वरून इस्त्रीही फिरवली. नोट बिचारी खराब झाली, आणि पुढच्या हातात गेल्यावर पुन्हा मळली ती मळलीच.

सोपा उपाय बँकेच्या काउंटरवर दिसतो : ओल्या स्पंजाची डबी. किराणा दुकानात, अडत्याच्या गादीवर ती ठेवायला असा काय खर्च येतो? स्पंज मात्र धुवत जावा, नाहीतर तोच जंतूंचं घर व्हायचा. आठवडी बाजारात आलूबोंडा देणारा हात आणि पैसे घेणारा हात वेगळा असावा. दुकानावर दोघं असतील तर एकानं गल्ला सांभाळावा. एकटा असेल तर चिमट्यानं द्यावं, पैसे ताटलीत ठेवायला सांगावं. नोटा हाताळल्यावर, लेकराला घास भरवण्याआधी, साबणानं हात धुवावेत. मोबाइलनं पैसे देणाऱ्यांनीही फार निश्चिंत राहू नये. त्या काचेवर बोटं कोणाची फिरतात?

रिझर्व्ह बँकेनं २००१ मध्ये नोटांच्या बंडलांना पिना मारणं बंद करवलं, ते स्वच्छ नोटांच्या धोरणातूनच. पिनांनी नोटा फाटत. त्याच धोरणानुसार मळकी नोट कोणत्याही बँकेच्या शाखेत बदलून मिळते. तिथं आपलं खातं असलंच पाहिजे असं नाही. पण आपण काय करतो? मळकी दहाची नोट आधी भाजीवालीच्या हातावर टेकवतो आणि कोरी नोट पाकिटात ठेवतो. ती मळकी नोट मग बँकेपर्यंत पोचतच नाही, बाजारातच फिरत राहते.