हातपाय गरम होईपर्यंत

हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर १९७६च्या सुमारास महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात कामाला लागले, तेव्हा आजचा रायगड जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जात होता. आजच्या जालना जिल्ह्यातल्या देहेड गावी वाढलेला हा माणूस कोकणात आला आणि तिथे विंचू चावल्याने धडधाकट माणसं मरताना त्याने पाहिली. हे मरण कुणाला ठाऊकच नव्हतं असं नाही. विंचूदंशानंतर फुप्फुसांत पाणी होतं, यावर ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १९६१ सालीच लेख आला होता. पण लेख छापून येणं आणि आडगावच्या डॉक्टरच्या हाती उपचार असणं, यांत पंचवीस वर्षांचं अंतर पडलं. ते अंतर कसं तुटलं, याचा मागोवा मला महत्त्वाचा वाटतो. आपत्कालीन सेवा म्हटलं की आपल्याला भोंगा आणि यंत्रं आठवतात. इथे सगळं घडलं ते खाटेशेजारी बसून राहिल्यामुळे.

लाल विंचू कष्टकऱ्यालाच गाठतो. भातकापणीत पेंढ्या उचलताना, उन्हाळ्यात लाकूडफाटा हलवताना, गडग्याचे दगड काढताना, अंधारात चप्पल चाचपडताना. अंगणात खेळणारं पोरही सुटत नाही. दंश झाल्यावर काहींना जीवघेणी कळ लागते. ओरडून ओरडून ते वाडी गोळा करतात आणि बहुधा बरे होतात. खरा धोका असतो तो फारसं न ओरडणाऱ्याला. त्याला ओकाऱ्या होतात, अंग घामाने निथळतं, तोंडाला लाळ सुटते, हातपाय गार पडतात. काही तासांनी धाप लागते आणि तोंडातून गुलाबी फेस येऊ लागतो. भरलेल्या बाह्यरुग्ण विभागात आवाज करणाऱ्याकडे आधी लक्ष जाणं स्वाभाविक आहे. गप्प पडलेल्या माणसाजवळ मुद्दाम जाऊन त्याच्या तळपायाला हात लावावा लागतो. हे पुस्तकातून येत नाही. रात्री जागल्याशिवाय कळतही नाही.

त्या काळी अशा रुग्णाला गुंगीच्या औषधांचं मिश्रण टोचायचा प्रघात होता. त्याने रुग्ण शांत व्हायचा, नातेवाइकांना हायसं वाटायचं आणि आतला बिघाड तसाच वाढत राहायचा. बावस्करांनी दुसरी वाट धरली. रुग्णाशेजारी थांबून ते तासातासाने नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या नोंदी करत गेले. कुठल्या खुणा आधी दिसतात, कुठल्या मागून येतात आणि कुठल्या खुणा दिसल्या की हृदय संकटात आहे असं समजावं, हे त्या नोंदींतून उलगडत गेलं. १९८२ साली ‘लॅन्सेट’ने त्यांचा या पूर्वखुणांवरचा लेख छापला. लंडनच्या त्या नियतकालिकापर्यंत पोहोचलेली ती माहिती कोकणातल्या शेतकऱ्यांच्या अंथरुणाजवळ गोळा झाली होती, हे विसरू नये. ती टिपणाऱ्याला प्रत्येक वेळी रुग्ण वाचवता आला नव्हता, हेही.

शरीरात नेमकं घडतं काय? विंचवाच्या विषाने मज्जातंतूंना आवर राहत नाही. अॅड्रेनलिनसारखी द्रव्यं रक्तात उसळतात. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून हातपाय गार पडतात. आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी साठू लागतं. म्हणजे गरज होती ती आवळलेल्या वाहिन्या सैल करण्याची. शिरेतून थेंबाथेंबाने देण्याचं सोडियम नायट्रोप्रुसाइड हे करू शकत होतं. पण त्यासाठी रक्तदाबावर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवावा लागतो. एकच डॉक्टर, एकच परिचारिका आणि भरवशाची नसलेली वीज असलेल्या केंद्रात ते कसं निभावणार?

उत्तर निघालं रक्तदाबाच्या एका साध्या गोळीत. प्राझोसिन. अॅड्रेनलिनचा घाव रक्तवाहिन्यांवर जिथे बसतो, तीच जागा ही गोळी अडवते. स्वस्त, तोंडाने देता येणारी, कुठल्याही केंद्राच्या कपाटात मावणारी. तिच्या वापरावरचा बावस्करांचा लेख १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. लेखनात आणि रुग्णसेवेत त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर बरोबरीने होत्या. या जोडीचं काम सांगताना एकट्या डॉक्टरांचं नाव घेऊन थांबणं मला अन्यायाचं वाटतं.

या उपचारातला मला सर्वांत भावलेला भाग औषधाच्या मात्रेत आहे. गोळी दर तीन तासांनी द्यायची, आणि कुठवर? हातपाय गरम आणि कोरडे होईपर्यंत. म्हणजे रात्रभर कुणीतरी उठून त्या माणसाचा पाय हातात घ्यायचा. शिवाय ही गोळी घेतल्यावर रुग्ण एकदम उठून बसला तर रक्तदाब कोसळू शकतो. म्हणून त्याला झोपवून ठेवायचं, लेकराला आईने कडेवर उचलू नये म्हणून तिलाच खाटेजवळ बसवून समजावायचं. उपचार आणि माया इथे वेगवेगळ्या वेळी करायच्या दोन गोष्टी उरत नाहीत. पाय चाचपणारा हात तपासतही असतो आणि धीरही देत असतो.

परिणाम सांगायचा तर, गंभीर विंचूदंशात पूर्वी तीस-चाळीस टक्के रुग्ण दगावत. प्राझोसिन रुळल्यावर हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आल्याचं बावस्करांनी नोंदवलं आहे. पुढे विंचवावरची प्रतिविष लस उपलब्ध झाली. तेव्हा आपली गोळी गाजलेली असूनही या दांपत्याने स्वतःच्याच उपचाराची परीक्षा घेतली. महाडमध्ये ७० रुग्णांवर केलेली ती चाचणी २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आली. नुसत्या प्राझोसिनवर बरं व्हायला सरासरी १७.७ तास लागले, लस जोडल्यावर ८ तास. दहा तासांच्या आत बरे झालेले रुग्ण पहिल्या गटात ३५ पैकी ८, दुसऱ्या गटात ३५ पैकी ३२. आपल्या नावाशी जोडली गेलेली गोळी एकटी पुरेशी नाही, हे स्वतःच मोजून जाहीर करायला मोठं मन लागतं. २०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

आता २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावते, तिच्यात डॉक्टर असतो. रस्ते सुधारले आहेत. तरीही वाड्यांवर आधी विंचू उतरवणाऱ्याकडे नेलं जातं आणि मोलाचे तास तिथे जातात. उशिरा आलेल्या अशा घरच्यांवर दवाखान्यात तोंडसुख घेतलं जातं, ते मला मुळीच पटत नाही. मध्यरात्री जो जागा होता आणि ज्याने दार उघडलं, त्याच्याकडे ते गेले. रागावलं की पुढच्या वेळी ते अजून उशिरा येतात किंवा येतच नाहीत. त्यापेक्षा त्यांना त्याच रात्री विचारावं, दंश किती वाजता झाला, ओकारी कधी झाली, घाम कधी सुटला. घरच्यांना हे नेमकं आठवतं आणि डॉक्टरला त्याचाच उपयोग होतो. बाकी मागणी सरकारकडे आहे आणि ती साधी आहे: उन्हाळा लागण्याआधी आणि भातकापणीआधी प्राझोसिन आणि लस दोन्ही प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचलेली असावीत, आणि रात्री ते कपाट उघडणारा माणूस तिथे मुक्कामाला असावा.