लहान कळपात तरुण मेंढ्याचा प्रवेश : दख्खनी मेंढीपालनाच्या संदर्भात

पोखर्णीसारख्या (जि. परभणी) कोरडवाहू परिसरात पंधरा-वीस मेंढ्यांचा कळप एकाच नरावर विसंबून असतो. तो वंध्य निघाल्यास संपूर्ण हंगामाची कोकरे बुडतात.

शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे सात आठवडे लागतात. म्हणून खुराक पैदाशीपूर्वी दोन महिने सुरू करणे इष्ट ठरते. ऐनवेळी दिलेले धान्य फारसे उपयोगी पडत नाही. बाहेरून आणलेला मेंढा प्रथम तीन आठवडे स्वतंत्र ठेवावा. अननुभवी नरास पहिलटकरणींऐवजी प्रौढ मेंढ्यांत सोडावे व जुना नर दूर बांधावा. अन्यथा टकरीत तरुण नर दबतो.

मेंढीचे माजचक्र सुमारे 17 दिवसांचे असते. मेंढ्याच्या छातीस तेलात कालवलेला गेरू लावल्यास फळलेल्या मेंढीच्या पाठीवर खूण उमटते. सतरा दिवसांनंतर रंग बदलावा. बहुतेक मेंढ्यांवर दुसरा रंगही उमटल्यास नराविषयी शंका घ्यावी. हंगाम हातचा जाण्यापूर्वी तो बदलता येतो.

त्याच्या मुली वयात येताच मात्र निर्दोष नरही बदलणे आवश्यक ठरते. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गारोल मेंढीतील जुळ्यांचा जनुक दख्खनी मेंढ्यांत आणला. असा नर आकर्षक खरा. परंतु दोन कोकरांना पुरेल इतके दूध होण्याजोगा चारा आहे काय, हे आधी पाहावे.