दादाच्या गोळ्यांचं घड्याळ

पहाटे ४.४५

गोठ्यातला दिवा लावायच्या आधी मी दादाच्या खोलीत जातो. रात्रीच्या गोळीचा अंमल तोवर उतरलेला असतो. ही गोळी बॅक्लोफेनची. ते अंगात फार टिकत नाही, तीन-चार तासांत रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. त्यामुळे पहाटे दादाचे पाय सगळ्यात आखडलेले असतात. गुडघे एकमेकांवर दाबलेले, चवडे खाली वळलेले. पांघरूण ओढलं तरी पाय उडतात. वहिनी त्याला टेकून बसवते, दोन बिस्किटं आणि कपभर दूध देते, मग दहा मिलिग्रॅमची गोळी. लगेच पायाला हात लावायचा नाही. गोळी लागायला तासभर जातो, तेवढ्यात माझ्या धारा काढून होतात.

कळस हे आमचं गाव इंदापूर तालुक्यातलं. शेजारच्या बोरीची द्राक्षं लांबलांब जातात. आमच्याकडे खडकवासल्याच्या कालव्याचं आवर्तन मिळालं तर ऊस, नाहीतर घर गाईंवर. ऊस भरतानाच दादा ट्रॉलीवरून पाठीवर पडला. छातीच्या दहाव्या मणक्यापाशी मज्जारज्जू चेंगरला, पण पूर्ण तुटला नाही.

पहाटे ६

आता पाय हातात घ्यायचे. एक हात टाचेखाली, दुसरा गुडघ्यावर, आणि अगदी सावकाश वर न्यायचं. घाई केली की पाय मधेच अडतो आणि उलटा जोर करतो. सावकाश नेला तर तोच पाय येतो. या आखडण्याला स्पास्टिसिटी म्हणतात आणि तिची खूण हीच: जितक्या वेगाने ताणाल, तितका विरोध. नुसता सांधा धरला असता, तर वेगाने असा फरक पडला नसता.

फिजिओथेरपिस्ट मॅडमनी याचं कारण समजावलं होतं. स्नायू ताणला गेला की तो आपणहून आखडतो, हा निरोप मणक्यातल्या मणक्यात फिरतो, मेंदूपर्यंत जावा लागत नाही. मेंदू फक्त वरून कासरा धरून असतो. मज्जारज्जूला मार बसला की तो कासरा सुटतो आणि खालचा स्नायू जरा काही झालं की उसळतो. बॅक्लोफेन काम करतं ते मज्जारज्जूत, पायात नाही. शरीरात गाबा नावाचं एक द्रव्य मज्जातंतूंना आवर घालत असतं. बॅक्लोफेन त्याच्याच धाटणीचं आहे. गाबाच्या एका ठरावीक ग्राहीवर (रिसेप्टरवर) ते जाऊन बसतं आणि उत्तेजनाचे निरोप कमी सुटतात. जखम त्याने भरत नाही, गेलेली ताकदही परत येत नाही.

हे कळायला आमच्या घराला वेळ लागला. ऑपरेशननंतर कित्येक आठवडे दादाचे पाय कापडासारखे लुळे होते. मग एके दिवशी आई तेल लावत असताना उजवा पाय झटक्याने वर आला. आई ओरडलीच, "जीव आला रे पायात!" रुईला जाऊन बाबीरबुवाला नारळ फोडून आली. मार बसल्यावर मज्जारज्जू आधी सुन्न होतो आणि सुन्नपणा ओसरला की आखडणं सुरू होतं, हे तिला सांगायचं काम डॉक्टरांवर आलं. त्यांनी तिला खुर्चीवर बसवून, हात धरून सांगितलं. अशा घरोघरी हे कुणीतरी नीट सांगायला हवं, कारण त्या पहिल्या झटक्यावर माणसं जमीन विकून कुठल्या कुठल्या उपचारांना जातात.

सकाळी ६.४५

दूध संकलन केंद्र आमच्या अंगणालाच लागून आहे. फॅट, एसएनएफ बघायचं, संगणकात नोंद करायची, पावती फाडायची, हे काम दादाचं. पलंगावरून चाकाच्या खुर्चीत बसताना तो भिंतीतल्या पाइपला धरून काही क्षण उभा राहतो. वहिनी मागे, मी समोर. हे उभं राहणं त्याच्या ताकदीवर नाही, गुडघ्यांच्या ताठपणावर आहे.

माझ्या मते सगळा उपचार इथेच समजतो. सुरुवात झाली दिवसातून तीनदा पाच मिलिग्रॅमने आणि काही दिवसांच्या अंतराने डोस वाढत गेला. सकाळची गोळी वीसवर गेली तेव्हा पाय सुरेख मऊ झाले, आणि दादा पाइप धरून उभा राहिला की गुडघे मुडपू लागले. शिवाय संगणकासमोर डुलक्या. पाच लिटरचे पन्नास लिहिले जायचे. बारामतीच्या डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी पायाकडे बघायच्या आधी विचारलं, "सकाळी तुम्हाला काय काय करायचं असतं?" मग सकाळचा डोस दहावर आणला, दुपारी दहा ठेवला आणि रात्रीचा वीस केला. रात्री उभं राहायचं नसतं आणि हिशेबही नसतो.

पाय तपासून ते एक आकडाही लिहितात, शून्य ते चार. ॲशवर्थ नावाच्या डॉक्टरांनी १९६४ साली एका स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाची चाचणी घेताना ही मोजपट्टी केली, तीच सुधारून आजही वापरात आहे. दादाचा आकडा दोन आहे. तो एकवर आणता येईल, पण मग दादा केंद्रावर बसू शकणार नाही. डॉक्टरांनी हे जाणलं, याचं मला फार मोल वाटतं.

सकाळी ९.३०

आंघोळ, आणि अंगाची पाहणी. माकडहाड, टाचा, घोटे आरशाने बघायचे. दर चार-पाच तासांनी नळीने लघवी काढायची, तिचा रंग आणि वास ध्यानात ठेवायचा. पाय अचानक जास्त उडायला लागले तर आधी गोळी वाढवायची नाही, कारण शोधायचं. लघवीतला जंतुसंसर्ग, तुंबलेलं पोट, कुठे उठू लागलेली जखम, आवळलेला पट्टा. वेदना दादाला नीट कळत नाही, पण मज्जारज्जूला कळते आणि ती पायातून बोलते. मागच्या थंडीत चार दिवस पायांनी झोपू दिलं नव्हतं. वहिनीने मोजा काढून पाहिलं तर अंगठ्याचं नख मांसात घुसलेलं. नख काढलं, पाय निवले.

दुपारी २

जेवण, दुसरी गोळी. मग तासभर दादा पेंगतो, मी मुरघास काढतो.

या गोळीचा जन्म एका फसलेल्या बेतातून झाला. १९६२ साली स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीत हाइनरिख केबर्ले यांनी ती तयार केली, ती फेपऱ्यासाठी. नुसतं गाबा दिलं तर ते रक्तातून मेंदूत पोचत नाही, म्हणून त्याच्या रेणूला जोड देऊन बघितलं. फेपऱ्यावर तिचा विशेष गुण आला नाही. पण काही रोग्यांचं आखडणं कमी झालेलं दिसलं आणि औषधाला दुसरी वाट मिळाली. अमेरिकेत मान्यता मिळायला १९७७ उजाडलं.

केंद्रावर येणारी पोरं दादाला 'चंदू चॅम्पियन' सिनेमाबद्दल विचारतात. तो ज्यांच्यावर बेतलाय ते मुरलीकांत पेटकर आपल्या सांगली जिल्ह्यातले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. ते जखमी झाले तेव्हा हे औषध बाजारात आलेलंही नव्हतं. दादा पोरांना हे आवर्जून सांगतो.

दुपारी ४

वस्तीवरची एक बाई सहा वर्षांच्या मुलाला घेऊन येते. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला होता, मूल चवड्यावर चालतं. "दादा, तुमच्या गोळ्यांतली अर्धी दिली तर?" तिच्या डोळ्यांत आशा असते, म्हणून दादा चिडत नाही. "ताई, माझी गोळी माझ्या वजनाची आणि माझ्या मणक्याची. ती सगळ्या अंगावर चालते. पोराची पोटरीच तेवढी ओढते ना? त्याला नेमक्या त्या स्नायूत बोट्युलिनमचं इंजेक्शन देतात, तीन-एक महिने टिकतं. त्या मुदतीत व्यायाम आणि पट्टी करून घ्यायची. पण ठरवू दे डॉक्टरांना." बारामतीच्या सिल्व्हर ज्युबिली रुग्णालयात कोणत्या खिडकीवर केसपेपर काढायचा, हेही तो तिला सांगतो. बारामतीत २०१९ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, त्यामुळे दर वेळी पुणं गाठावंच लागतं असं राहिलेलं नाही.

दुसरी गफलत मेडिकलच्या दुकानात होते. 'मसल रिलॅक्संट' म्हटलं की उसण भरल्यावर, कंबर धरल्यावर द्यायच्या गोळ्या पुढे येतात. नाव एकच असलं तरी काम वेगळं. पाठीतल्या साध्या उसणीच्या गोळीने मज्जारज्जूचं आखडणं सुटत नाही. त्यामुळे चिठ्ठीवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवूनच घ्यायचं.

संध्याकाळी ६

दुसऱ्या वेळचं दूध. रांग, कॅन, कुणाच्या गाईचा फॅट उतरला म्हणून वाद. दादा या वेळी सगळ्यात तरतरीत असतो. अडीच तास तो ताठ बसतो आणि एकही नोंद चुकत नाही.

रात्री ८.३०

गोळ्यांचा डबा. त्याच्या झाकणावर वहिनीने मार्करने लिहिलंय: 'सिप्रो नको'. रात्री पाय फार उडू नयेत म्हणून दादाला दोन मिलिग्रॅम टिझानिडिनही आहे. लघवीच्या संसर्गावर सर्रास दिलं जाणारं सिप्रोफ्लॉक्सॅसिन सोबत घेतलं, तर टिझानिडिनचं रक्तातलं प्रमाण कित्येक पटींनी चढतं आणि रक्तदाब धोकादायक खाली जाऊ शकतो. मज्जारज्जूच्या रोग्याला लघवीचा संसर्ग नेहमीचाच, त्यामुळे ही गाठ कधीही पडू शकते. नव्या डॉक्टरांकडे गेलं की वहिनी आधी डबा टेबलावर ठेवते.

मग पाकिटं मोजायची. पंधरा दिवसांचा साठा घरात असलाच पाहिजे, हा दादाचा नियम. बॅक्लोफेन एकाएकी बंद केलं तर पाय आधीपेक्षा जोरात आखडतात, ताप चढतो, नसलेलं दिसू लागतं, झटके येतात, आणि जिवावरही बेतू शकतं. कमी करायचं तेही हळूहळू, डॉक्टर सांगतील तसं. एप्रिल २०२० मध्ये कोरोनामुळे बारामतीत राजस्थानातल्या भिलवाड्याच्या धर्तीवर कडकडीत बंद होता. तेव्हा मी चिठ्ठी छातीशी धरून, नाक्यानाक्यावर दाखवत गोळ्या आणल्या. एका पोलिसाने चिठ्ठी वाचून विचारलं, "अंगदुखीच्या गोळ्यांसाठी एवढं?" मी त्याला रस्त्यावरच सगळं सांगितलं. त्याने पुढच्या नाक्यावर फोन केला.

रात्री १०

वीसची गोळी आणि टिझानिडिन. त्यानंतर दादाला एकदम उठवून बसवायचं नाही, चक्कर येते. कुशीवर वळवायचं, गुडघ्यांमध्ये उशी. उद्या तपासणीची तारीख आहे. दादा डोळे मिटूनच डॉक्टरांना विचारायचे प्रश्न सांगतो आणि मी वहीत उतरवतो.

"लिही. दुपारची गोळी अर्धी करून बघता येईल का, पेंग फार येते. क्रिएटिनिनचा रिपोर्ट जोड, ही गोळी मूत्रपिंडातून बाहेर पडते. टिझानिडिनसाठी यकृताचाही जोड. आणि पाइपला धरून किती वेळ उभा राहतो, ते त्यांना मीच सांगेन."