कृष्णधवल छायाचित्रांना थरांचा आधार

अनेक घरांच्या कपाटांत विवाहाची, तीर्थयात्रेची, एखाद्या दीक्षासमारंभाची कृष्णधवल छायाचित्रे जपून ठेवलेली असतात. काळाच्या ओघात त्यांतील काळा रंग करडा होतो, पांढरा पिवळसर पडतो आणि पणजीचा चेहरा मागच्या भिंतीत मिसळू लागतो. प्रत बहुधा एकच असल्याने तिच्यावर थेट प्रयोग करणे योग्य नव्हे. ती स्कॅन करून संगणकावर सुधारताना ‘लेयर’ म्हणजे थरांची सोय मोलाची ठरते. फोटोशॉपमध्ये ती १९९४ पासून आहे. विनामूल्य मिळणाऱ्या ‘गिम्प’मध्येही आहे.

प्रथम पिवळसर छटा काढून टाकावी. नंतर चित्राच्या थराची हुबेहूब प्रत त्यावर ठेवावी. हे दोन थर एकमेकांत कसे मिसळावेत, हे ‘ब्लेंडिंग मोड’ ठरवतो. त्यामागे साधे अंकगणित आहे. काळ्याला ० व पांढऱ्याला १ मानल्यास ‘मल्टिप्लाय’ दोन्ही थरांच्या मूल्यांचा गुणाकार करतो. ०.९ चे ०.८१ होते, तर ०.५ चे ०.२५; शुद्ध पांढरा मात्र तसाच राहतो. त्यामुळे फिकट चित्राला गडदपणा लाभतो. ‘स्क्रीन’चा परिणाम उलट असतो. तेथे ०.२ चे ०.३६ होते व काळवंडलेले चित्र उजळते. ‘सॉफ्ट लाइट’मध्ये गडद भाग अधिक गडद व उजळ भाग अधिक उजळ होऊन चित्रास उठाव येतो.

केवळ चेहराच उजळावयाचा असल्यास ५० टक्के करड्या रंगाने भरलेला नवा थर घेऊन त्याला ‘सॉफ्ट लाइट’ द्यावा. या करड्याने चित्रात काहीच बदल होत नाही. त्या थरावर मऊ कुंचल्याने पांढरा रंग हलकेच फिरवला की तेवढाच भाग उजळतो. काळ्याने तो गडद होतो. परिणाम अति झाल्यास थराची अपारदर्शकता कमी करावी अथवा तो थर काढून टाकावा. खालचे चित्र अबाधित राहते.

या पद्धतीची मर्यादाही ओळखली पाहिजे. चित्रात जे क्षीण रूपात शिल्लक आहे, तेच ती ठळक करते. कसरीने खाल्लेला डोळा गुणाकाराने परत येत नाही. तेथे दुसऱ्या कोणाचा डोळा बसवल्यास चित्र सुबक दिसेल, परंतु तो चेहरा पणजीचा उरणार नाही. सत्य हे अणुव्रत मानणाऱ्या कुटुंबात ही जागा रिकामी ठेवणेच उचित. मूळ स्कॅन व थरांसह जतन केलेली फाइल वेगवेगळी ठेवावी आणि दोन्हींसोबत चित्रातील व्यक्तींची नावे, स्थळ व वर्ष लिहून ठेवावे. ती सांगणारी वडीलधारी माणसे घरात आहेत, तोवरच.