बॅटरीची तब्येत सांगणारा मीटर

नांदेडजवळ विष्णुपुरी येथे गोदावरी नदीवर मोठे धरण आहे. पावसाळ्यात तेथे पाण्याची पातळी सतत मोजतात आणि ती पाहूनच दरवाजे उघडतात. मोजमाप आपल्याला वेळेवर सावध करते.

याच विष्णुपुरीत १९८१ साली स्थापन झालेली अभियांत्रिकी संस्था आणि १९९४ साली स्थापन झालेले विद्यापीठ आहे. विद्यार्थी व शेतकरी नांदेडहून मोटरसायकलीवर ये-जा करतात. गाडीवरचा मीटर वेग दाखवतो. परंतु बॅटरीची तब्येत बहुतेक गाड्यांवर दिसत नाही. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम लागू झाले. त्यानंतरच्या बहुतेक मोटरसायकलींत पेट्रोलचा फवारा विजेवर चालतो. बॅटरी अगदीच उतरली, तर अशी गाडी सुरू होणे कठीण होते. रात्री आडरस्त्यावर असे झाले तर केवढी पंचाईत!

म्हणून काही लोक गाडीला वेगळा मीटर बसवतात. इंजिनाचे तापमान किंवा फेरे दाखवणारे मीटरही मिळतात. सर्वांत सोपा मीटर म्हणजे वीजदाब दाखवणारा व्होल्टमीटर. तो कसा बसवतात, ते पाहू.

त्याला दोन वायरी असतात. काळी वायर बॅटरीच्या ऋण टोकाला जोडतात. लाल वायर चावी फिरवल्यावरच वीज मिळणाऱ्या वायरीला जोडतात. ती थेट बॅटरीला जोडली, तर मीटर रात्रंदिवस चालू राहतो आणि हळूहळू बॅटरीच उतरवतो. लाल वायरीत लहान फ्यूज अवश्य घालावा. वायर कुठे घासून उघडी पडली, तर फ्यूज वितळतो आणि आग टळते.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक आधी सोडवावे आणि शेवटी जोडावे. धन टोक आधी सोडवताना पाना गाडीच्या सांगाड्याला लागला, तर मोठी ठिणगी उडते. वायर सायलेन्सरपासून दूर ठेवावी. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ती ताणली जात नाही ना, हे पाहावे. सांधे टेपने नीट झाकावेत, नाहीतर पावसाचे पाणी आत शिरते.

आता आकडे वाचू या. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी साधारण १२.५ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू झाल्यावर आकडा १३.५ ते १४.५ च्या दरम्यान गेला, तर बॅटरी भरत आहे असे समजावे. तो १२ च्या आसपासच राहिला, तर बॅटरी भरत नाही. १५ च्या वर गेला, तर वीजदाब आवरणारा रेग्युलेटर बिघडला असण्याचा संभव असतो. मात्र नवा मीटरही चुकू शकतो. म्हणून मल्टिमीटरने बॅटरीच्या दोन्ही टोकांवर दाब मोजून दोन्ही आकडे ताडून पाहावेत.

गाडीचा मूळ वेगमापक कधीही काढू नये. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार नोंदणीत लिहिलेल्या बाबी बदलतील असे फेरफार करता येत नाहीत. गाडीची वॉरंटी चालू असेल, तर वायर कापण्याआधी विक्रेत्याला विचारावे. तुम्ही हे काम एकट्याने करू नका. मेकॅनिकच्या शेजारी बसून शिका.

मीटर बिघाड दाखवतो, दुरुस्त करत नाही. आकडा उतरलेला दिसला, की त्याच दिवशी गाडी मेकॅनिककडे न्यावी.