जन्मजात फुप्फुसदोष आणि त्यांचीं नांवें

दर दोन-तीन महिन्यांनीं न्यूमोनियानें अंथरुण धरणारें एखादें मूल आपल्या वऱ्हाडांत पुष्कळांच्या पाहण्यांत असेल. औषधानें ताप उतरतो, मूल खेळूं लागतें, आणि पुन्हां तेंच दुखणें. घरचीं माणसें 'प्रकृतीच नाजूक' म्हणून समाधान करून घेतात. पण प्रत्येक वेळीं फुप्फुसाचा एकच भाग धरला जात असेल, तर दोष प्रकृतीचा नसून घडणीचा असण्याचा संभव असतो.

ही घडण गर्भाच्या चौथ्या आठवड्यांत सुरू होते. जिच्यापासून पुढें अन्ननलिका बनते त्या नळीस समोरच्या बाजूनें एक अंकुर फुटतो; त्याला दोन फांद्या, फांद्यांना उपफांद्या, आणि टोकांशीं कालांतरानें वायुकोश. चूक कोठें झाली यावरून दोषांचे प्रकार पडतात. एका बाजूची फांदी वाढलीच नाहीं तर त्या बाजूचें फुप्फुसच नसतें. श्वासनलिका अन्ननलिकेपासून पुरती विलग झाली नाहीं तर दोहोंमध्यें वाट राहते आणि दूध फुप्फुसांत उतरतें. उपफांद्यांची वाढ बिघडली तर फुप्फुसांत लहानमोठ्या पोकळ पिशव्या तयार होतात. या पिशव्यांचे स्टॉकर नांवाच्या अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञानें १९७७ सालीं तीन प्रकार केले व २००२ सालीं ते पांचांवर नेले. तथापि हे प्रकार ठरतात सूक्ष्मदर्शकाखालीं. म्हणून कित्येक डॉक्टर आतां चित्रांत जें दिसतें तेवढेंच आधीं लिहितात आणि नांव मागाहून देतात. मला ही रीत अधिक प्रामाणिक वाटते.

रक्तवाहिन्यांचे दोष निराळे. फुप्फुसाकडे जाणारी रोहिणी अरुंद असते, किंवा तेथून शुद्ध रक्त आणणाऱ्या नीला हृदयाच्या डाव्या कप्प्याऐवजीं उजवीकडे येऊन मिळतात.

खरी पंचाईत होते ती सीमेवर. १९४६ सालीं इंग्लंडांत प्राइस यानें फुप्फुसाच्या एका चमत्कारिक तुकड्याचें वर्णन केलें. श्वासनलिकांच्या झाडाशीं या तुकड्याचा नीट संबंध नसतो, आणि त्याला रक्त मिळतें तें फुप्फुसाच्या रोहिणींतून नव्हे, थेट महारोहिणींतून. आपल्या मोर्शी-वरुडच्या संत्र्यांत एक फोड अशी निघावी कीं तिचा देठ दुसऱ्याच फांदीचा, तसा हा प्रकार! शस्त्रक्रियेपूर्वीं ही वाहिनी ठाऊक नसेल आणि चुकून कापली गेली, तर प्राणघातक रक्तस्राव होऊं शकतो. मग हा दोष फुप्फुसाचा म्हणावा कीं रक्तवाहिनीचा? जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तींत तो श्वसनसंस्थेखालीं, क्यू ३३.२ या अंकावर आहे. फुप्फुसाच्या रोहिणी व नीला मात्र क्यू २५ व क्यू २६ येथें, रक्ताभिसरणांत. आणि श्वासनलिका व अन्ननलिका यांमधील वाट क्यू ३९ येथें, पचनसंस्थेंत. एकाच घरचीं भावंडें तीन वाड्यांत राहावयास गेलीं! शिवाय पोकळ पिशव्या आणि महारोहिणीची फांदी हीं दोन्ही एकाच तुकड्यांत असलेलीं मुलें आढळतात तीं वेगळींच.

ही नुसती कारकुनी नव्हे. ६ फेब्रुवारी २०१३ रोजीं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ आपल्या महाराष्ट्रांतच, पालघर येथें झाला. अंगणवाडींतील मुलांची वर्षांतून दोनदां आणि शाळेंतील मुलांची एकदां तपासणी, अशी त्याची योजना. त्यासाठीं जन्मजात दोषांचीं जीं नऊ नांवें धरलीं, त्यांत हृदयाचें आहे, फुप्फुसाचें नाहीं. निळसर पडलेलें मूल हृदयाच्या सदरांतून पुढें जातें. वारंवार खोकणारें मूल दम्याच्या सदरांत पडण्याची भीति. मेळघाटासारख्या भागांत, जेथें न्यूमोनियानें इतकीं बालकें दगावलीं आहेत, तेथें असें एखादें मूल गर्दींत सहज हरवतें.

गर्भारपणाच्या १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास केलेल्या सोनोग्राफींत यांतले कांहीं दोष दिसूं शकतात. ज्यांचें तेव्हां पाहिलें गेलें नाहीं, त्यांनीं छातीचे जुने एक्स-रे फोटो टाकून देऊं नयेत. प्रत्येकावर तारीख लिहून ते एकत्र ठेवावे, आणि अमरावतीस, अकोल्यास वा नागपुरास दाखवावयास जातांना सगळेच बरोबर न्यावे. डाग दर वेळीं त्याच जागीं आहे कीं काय, हें दोन फोटो शेजारीं ठेवल्यावांचून डॉक्टरांसही सांगतां येत नाहीं.